रात्री झोप मोडणारा दमा : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

दम्याविषयी या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांतील बऱ्याच पत्रांचा रोख अलीकडे रात्रीच्या त्रासाकडे आहे. दिवसभराची कामे सुरळीत पार पडतात, पण मध्यरात्रीनंतर छाती आवळून येते, खोकल्याची उबळ थांबत नाही आणि उरलेली रात्र उशीला टेकून बसून काढावी लागते, अशी ही तक्रार आहे. या पत्रांतील एक वाक्य मला फार खटकले, आणि वेगवेगळ्या शब्दांत ते अनेकांनी लिहिले आहे : "आता याची सवय झाली आहे." रात्रीच्या दम्याची सवय करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात येऊ शकतो, आणि त्याचे उपाय बहुधा रात्री करायचे नसून दिवसा करायचे असतात.

प्रश्न : माझे वय ४३ आहे आणि दमा लहानपणापासून आहे. दिवसा मला काहीही त्रास होत नाही. जिने चढतो, कामावर जातो. मात्र आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास छातीत शिट्टीसारखा आवाज येऊन जाग येते. पंपाचे दोन पफ घेतले की काही वेळाने बरे वाटते. दिवसा नसलेला दमा रात्रीच का उठतो? आणि दिवसा मी ठणठणीत असेन, तर याकडे लक्ष देण्याची खरोखरच गरज आहे का?

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, गरज आहे, आणि दिरंगाई करू नये. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे 'गिना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपक्रमातर्फे प्रसिद्ध होतात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाने दमा आटोक्यात आहे की नाही हे ठरवण्यासाठी चार साधे प्रश्न दिले आहेत. गेल्या चार आठवड्यांत दिवसाची लक्षणे आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त वेळा जाणवली का, तात्काळ आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागला का, दम्यामुळे हालचालींवर बंधन आले का, आणि दम्यामुळे रात्री जाग आली का, असे ते प्रश्न आहेत. पहिल्या दोन प्रश्नांत थोडी सूट आहे. रात्रीच्या प्रश्नाला मात्र मुळीच सूट नाही. चार आठवड्यांत एकदाच जाग आली तरी ती मोजली जाते. आपली झोप आठवड्यातून तीन-चार वेळा मोडते, म्हणजे आपला दमा आटोक्यात नाही, मग दिवसा कितीही बरे वाटत असो.

यात आपण एकटे नाही. ब्रिटनमधील श्वसनरोगतज्ज्ञ मार्गारेट टर्नर-वॉरविक यांनी १९८८ मध्ये दम्याच्या सात हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील ७४ टक्के रुग्ण आठवड्यातून किमान एका रात्री दम्यामुळे जागे होत असल्याचे आढळले. त्यानंतर औषधे बरीच सुधारली. म्हणूनच आजही पंप उशाशी ठेवून रात्री मोजत बसणारे रुग्ण भेटतात, तेव्हा मला अधिक वाईट वाटते.

आता कारणाकडे वळू. आपल्या श्वासनलिका दिवसभर सारख्या मोकळ्या राहत नाहीत. दुपारी चारच्या सुमारास त्या सर्वांत रुंद आणि पहाटे चारच्या सुमारास सर्वांत अरुंद असतात. दमा नसलेल्या माणसातही हा चढउतार होतो, पण तो इतका थोडा असतो की जाणवत नाही. हेट्झेल आणि क्लार्क या डॉक्टरांनी १९८० मध्ये दोन्ही प्रकारच्या लोकांच्या फुंकरीच्या वेगाची तुलना केली, तेव्हा निरोगी व्यक्तींत दिवसभराचा फरक सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास भरला, तर दम्याच्या रुग्णांत तो ५० टक्क्यांच्या आसपास होता. या चढउतारामागे शरीराचे अंतर्गत घड्याळ आहे. दाह आवरणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते, श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे ॲड्रिनलिन पहाटे कमी होते, श्वासनलिका आकुंचित करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर रात्री वाढतो, आणि दाह घडवणाऱ्या पेशींची श्वासनलिकांच्या अस्तरातील वर्दळही याच वेळी वाढते. त्यात आडवे झाल्यावर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा कमी होते, त्यामुळे बारीक श्वासनलिकांना बाहेरून मिळणारा ताण घटतो आणि त्या आणखी मिटतात. शिवाय संध्याकाळी एखाद्या ॲलर्जीकारक गोष्टीशी संपर्क आला असेल, तर त्याची दुसरी, उशिरा येणारी प्रतिक्रिया काही तासांनी उमटते, म्हणजे नेमकी मध्यरात्रीनंतर.

हे सारे प्रत्येक रात्री घडत असते. मग त्रास दमा असलेल्यालाच का होतो? कारण त्याच्या श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दिवसाही सूज असते. दिवसा नळी जेमतेम पुरेशी रुंद राहते, म्हणून कुरबूर जाणवत नाही. रात्री ती थोडी आणखी आवळली की मर्यादा ओलांडली जाते. नळीतून वाहणाऱ्या हवेचे गणित येथे निर्दय आहे : त्रिज्या निम्मी झाली, तर सुरळीत प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट न होता सोळापट होतो. आधीच सुजलेल्या नळीत रात्रीचे थोडेसे आकुंचनही म्हणूनच माणसाला उठवून बसवते. शरीराचे घड्याळ आपण बदलू शकत नाही. सूज मात्र निश्चित कमी करू शकतो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक काम करावे. पीक फ्लो मीटर नावाचे हातात मावणारे प्लास्टिकचे साधन मिळते. उभे राहून पूर्ण श्वास भरून घ्यायचा, तोंडीवर ओठ घट्ट मिटायचे आणि एका दमात जोराने फुंकायचे. काटा सरकून आकडा दाखवतो. तीनदा फुंकून त्यांतला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. हे सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी, पंप घेण्यापूर्वी, दोन आठवडे करावे. समजा सकाळी ३१० आणि संध्याकाळी ४२० असे आकडे आले, तर त्यांतला फरक ११० आणि सरासरी ३६५, म्हणजे चढउतार सुमारे ३० टक्के झाला. मोठ्या माणसात दोन आठवड्यांची अशी सरासरी १० टक्क्यांपेक्षा जास्त भरली, तर ती जास्त समजली जाते. "रात्री त्रास होतो" या वाक्यापेक्षा असा तक्ता डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगतो, आणि उपचार बदलल्यावर सकाळचा आकडा वर येऊ लागला की आपल्यालाही तो डोळ्यांनी दिसतो.

प्रश्न : माझे पती ५१ वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी त्यांना दोन पंप दिले आहेत. त्यांपैकी रोज घ्यायचा पंप स्टेरॉइडचा आहे असे कळल्यापासून त्यांनी तो बंद केला, कारण त्याची सवय लागते आणि हाडे ठिसूळ होतात असे त्यांना कोणीतरी सांगितले. आराम देणारा पंप मात्र ते झोपताना दोनदा आणि पहाटे पुन्हा दोनदा घेतात. तो महिन्याभरात संपतो. मी त्यांना कसे समजावू?

आपली काळजी रास्त आहे. आपल्या यजमानांनी जो पंप सोडला तो सूज उतरवणारा आहे, आणि जो धरला आहे तो फक्त आवळलेले स्नायू काही काळ सैल करणारा आहे. साल्ब्युटामॉलसारख्या औषधाचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. रात्री दहाला घेतलेला पफ पहाटे तीनच्या सुमारास ओसरतो, आणि श्वासनलिका सर्वाधिक अरुंद होण्याची वेळही तीच असते. म्हणूनच त्यांना दर पहाटे उठावे लागते. खाली सूज तशीच राहते, किंबहुना वाढत जाते, आणि आराम देणाऱ्या औषधाला मिळणारा प्रतिसादही हळूहळू फिका पडू शकतो.

महिन्याला एक पंप संपणे ही गोष्ट मी हलक्याने घेणार नाही. अशा पंपात बहुधा २०० पफ असतात. वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप लागणाऱ्यांना दम्याचा तीव्र झटका येण्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा अधिक लागणाऱ्यांत मृत्यूचा धोका वाढलेला आढळतो. म्हणूनच २०१९ पासून 'गिना'च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोठ्या माणसांचा आणि किशोरवयीनांचा दमा केवळ आराम देणाऱ्या पंपावर सांभाळू नये, अशी ठाम भूमिका घेतली आहे. दमा सौम्य असला तरी श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड कोणत्या ना कोणत्या स्वरूपात उपचारात असले पाहिजे. काही रुग्णांना स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजच्यासाठी आणि त्रासाच्या वेळी, असा दोन्हींसाठी दिला जातो; फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करते आणि सुमारे बारा तास टिकते, त्यामुळे रात्र निभावते. हा पर्याय आपल्या यजमानांना योग्य आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. तोवर आराम देणारा पंप हिसकावून घेऊ नये; सोडून दिलेला पंप मात्र पुन्हा सुरू व्हायला हवा.

स्टेरॉइडच्या भीतीविषयी एवढेच दाखवून द्यावे : तीव्र झटक्यात तोंडावाटे दिली जाणारी स्टेरॉइडची मात्रा मोठ्या माणसासाठी दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते, आणि एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. दोन औषधांची ताकद निराळी असल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, तरीही पंपातले औषध थेट श्वासनलिकांत जाते आणि उर्वरित शरीरात फारच थोडे पोहोचते, हे खरे आहे. हाडांचा ठिसूळपणा, रक्तातील साखर वाढणे, चेहरा सुजणे हे परिणाम मुख्यतः गोळ्या वारंवार किंवा दीर्घकाळ घेतल्याने होतात. पंप टाळल्यामुळे झटके येतात आणि झटक्यांमुळे गोळ्या घ्याव्या लागतात, म्हणजे ज्या गोष्टीची भीती आहे तीच पदरात पडते. सवय लागण्याचे म्हणाल, तर या औषधाने व्यसन लागत नाही. ते थांबवल्यावर त्रास परत येतो, कारण दमा गेलेला नसतो. आवाज बसणे आणि तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येणे हे पंपाचे खरे त्रास आहेत, आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरून नंतर चूळ भरून टाकली की ते बहुतेक वेळा टळतात.

आणखी एक गोष्ट पाहावी, आणि ती आपण स्वतः घरी पाहू शकता. त्यांना आपल्यासमोर पंप घ्यायला सांगा. तपासणीच्या खोलीत मी हे नेहमी करतो, आणि वर्षानुवर्षे पंप घेणाऱ्या रुग्णांतही एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसते : बोट पंप दाबते, श्वास आत ओढणे किंचित मागाहून सुरू होते, आणि ओठांच्या कडेने पांढुरका फवारा बाहेर निसटतो. जो निसटला तो औषधाचाच भाग होता. फवाऱ्याचा पंप आधी नीट हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग श्वास सावकाश आत घेऊ लागतानाच पंप दाबावा, फुप्फुसे भरेपर्यंत घेत राहावे आणि सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. पुढचा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने घ्यावा. स्पेसर लावला की दाबणे आणि ओढणे यांचा मेळ साधण्याची कसरत उरत नाही. कोरड्या पावडरीच्या पंपाची रीत मात्र उलटी आहे. तेथे श्वास जोराने आणि खोल ओढावा लागतो, नाहीतर पावडर सुटत नाही. दोन प्रकारचे पंप असलेल्या घरात ही गल्लत फार होते. औषध वाढवण्यापूर्वी ते घेण्याची पद्धत तपासावी, असा माझा आग्रह असतो.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला रात्री दोन-तीन वाजता कोरड्या खोकल्याची उबळ येते आणि ती अर्धा-पाऊण तास टिकते. छातीत घरघर नसते. खोकल्याचे औषध दिले की तो पेंगतो, पण खोकला पुन्हा येतोच. शाळेतून त्याचे लक्ष नसते अशी तक्रार आली आहे. हा दमा असू शकतो का?

असू शकतो. लहान मुलांत काही वेळा दम्याचे मुख्य लक्षण खोकला हेच असते, आणि तो रात्री, पळाल्यावर, हसल्यावर किंवा सर्दीनंतर वाढतो. खोकला म्हणजे दमा असेही मात्र नाही. नाकामागून घशात उतरणारा स्राव, नाकामागच्या वाढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथी किंवा सर्दीनंतर रेंगाळलेला खोकला यांमुळेही असे होऊ शकते, म्हणून निदान अंदाजाने होऊ नये. नऊ वर्षांचे मूल स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकरीची तपासणी, नीट करू शकते. आराम देणारे औषध दिल्यानंतर तीच तपासणी पुन्हा केली जाते. आकडा स्पष्टपणे वाढला, तर ते दम्याच्या निदानाला बळ देते. तपासणी दिवसा निर्दोष आली म्हणून दमा नाकारता येत नाही, कारण त्रास रात्रीचा आहे. अशा वेळी घरी मोजलेले सकाळ-संध्याकाळचे आकडे उपयोगी पडतात.

खोकल्याचे पेंग आणणारे औषध कृपया थांबवावे. ते उबळ दाबते आणि मुलाला सुस्त करते, पण श्वासनलिकांच्या सुजेवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

शाळेच्या तक्रारीचे मला फार गांभीर्य वाटते. रोज रात्री झोप तुटलेले मूल सकाळी आळसावलेले दिसेलच असे नाही; अनेकदा ते चिडचिडे, चंचल आणि हट्टी होते, आणि त्याच्यावर बेशिस्तीचा शिक्का बसतो. शिक्षकांना रात्रीच्या त्रासाविषयी मोकळेपणाने सांगावे.

दम्याचे निदान झाले, तर पंपाचे नाव ऐकून घाबरू नये. श्वासावाटे दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी सुमारे एका सेंटीमीटरने कमी भरल्याचे एका मोठ्या अभ्यासात दिसले आहे. हे पालकांपासून लपवू नये असे मला वाटते, पण अनियंत्रित दम्याच्या तुलनेत ही किंमत लहान आहे आणि डॉक्टर शक्य तितकी कमी मात्राच देतात. मॉन्टेलुकास्टची गोळी दिली गेली, तर एक ध्यानात असू द्या : काही मुलांत या औषधाने वाईट स्वप्ने, झोपेत ओरडणे, चिडचिड किंवा उदासपणा असे बदल घडू शकतात, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्याविषयी सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा दिला आहे. गोळी सुरू झाल्यानंतर असे बदल दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

प्रश्न : अंथरुणातील धुळीमुळे दमा वाढतो असे वाचून आम्ही गादीची आवरणे बदलली, पडदे काढले, रोज झाडलोट करतो; तरीही रात्रीचा त्रास कमी झाला नाही. आमचे काय चुकते आहे?

कदाचित काहीच नाही. अंथरुणात राहणारे सूक्ष्म कीटक, ज्यांना डस्ट माइट म्हणतात, डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या त्वचेचे गळून पडलेले कण हे त्यांचे अन्न, आणि त्यांच्या विष्ठेतील प्रथिने ही ॲलर्जीचे कारण. पण ती ॲलर्जी प्रत्येक दमेकऱ्याला नसते. त्वचेवर किंवा रक्तात तपासणी करून आधी ती खरोखर आहे का, ते पाहावे. नसेल, तर एवढी धावपळ करण्याचे कारण नाही.

ॲलर्जी असेल, तरी एकट्या आवरणाने किंवा एकट्या सफाईने फारसा फरक पडत नाही, असाच बहुतेक अभ्यासांचा सूर आहे. गादी व उशी यांना घट्ट विणीची, पूर्ण बंद होणारी आवरणे घालणे, चादरी आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गरम पाण्यात धुणे आणि खोलीतील दमटपणा कमी ठेवणे हे सारे एकत्र केले, तर काहींना उपयोग होतो. कोरडी झाडलोट दमेकऱ्याने स्वतः करू नये, आणि झोपण्याच्या तोंडावर तर मुळीच नको, कारण उडालेली धूळ काही वेळ हवेत तरंगत राहते. ओल्या फडक्याने पुसणे बरे. पाळीव प्राणी, भिंतींवरील बुरशी आणि घरातील कोणाचेही धूम्रपान हेही तपासावे. धूर असेल, तर बाकीचे सारे बाजूला ठेवून आधी तो बंद करावा.

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे, वजन जास्त आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोन वर्षांपासून रात्री गुदमरून जाग येते. छातीत जळजळही होते आणि मी घोरते असे घरचे सांगतात. दम्याचे पंप घेऊनही फरक नाही. हा दमाच आहे ना?

हा प्रश्न आपण विचारलात हे फार चांगले केले. उतारवयाकडे झुकताना रात्री श्वास कोंडण्याची कारणे अनेक असतात, आणि ती एकाच व्यक्तीत एकत्रही नांदतात. पंपाने फरक पडत नसेल, तर निदान पुन्हा तपासणे हेच पहिले काम आहे.

सर्वांत आधी हृदय तपासून घ्यावे. हृदयाचा पंपिंगचा जोर कमी झाला, तर आडवे झाल्यावर फुप्फुसांत पाणी साचू लागते. रुग्ण झोपेतून धापा टाकत उठतो, खिडकीशी जाऊन उभा राहतो, आणि छातीत घरघरही ऐकू येऊ शकते. पाय सुजत असतील, सपाट झोपवत नसेल, उशांची संख्या वाढत चालली असेल, तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी यांसाठी थांबू नये.

त्यानंतर घोरणे. झोपेत घशाचा मार्ग पुन्हा पुन्हा मिटून श्वास थांबतो, त्या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यात माणूस गुदमरून दचकून उठतो, पण सहसा काही क्षणांतच श्वास पूर्ववत होतो. दम्याच्या जाग येण्यात मात्र शिट्टीचा आवाज, छातीचा आवळ आणि खोकला बराच वेळ टिकतो. घरच्यांनी आपला श्वास मध्येच थांबताना पाहिला आहे का, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का, हे त्यांना विचारावे. झोपेची तपासणी करून निदान होते, आणि रात्री मुखवट्यातून हवेचा दाब देणाऱ्या यंत्राने झोप आणि दमा दोन्ही सुधारू शकतात. वजन कमी केल्याने तर या साऱ्याच तक्रारींना उतार पडतो.

जळजळीसाठी रात्रीचे जेवण झोपण्याच्या किमान तीन तास आधी संपवावे आणि पलंगाच्या डोक्याकडील दोन पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढवल्या, तर पोट दुमडते आणि आम्ल उलट अधिक वर येते. आम्ल कमी करणारी गोळी जळजळ असणाऱ्यांना घ्यायला हरकत नाही. जळजळ मुळीच नसताना केवळ दम्यासाठी ती घेण्याचा उपयोग होत नाही, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले.

शेवटी आपल्या औषधांची यादी. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी बीटा-ब्लॉकर गटातील काही औषधे श्वासनलिका आकुंचित करतात. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंबही डोळ्यावाटे शरीरात जाऊन हेच करू शकतात. रक्तदाबाच्याच एसीई इनहिबिटर गटातील गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. ॲस्पिरिन आणि तत्सम वेदनाशामकांनी काही रुग्णांत तीव्र दमा उसळतो. सर्व गोळ्या, थेंब आणि मलमे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

प्रश्न : झोप पूर्ण होत नाही म्हणून झोपेची गोळी घेतली तर चालेल का?

दम्यामुळे झोप मोडत असेल, तर नाही. जाग येणे हा त्या क्षणी शरीराचा बचाव असतो. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या श्वसनाची प्रेरणा मंदावतात आणि त्रास वाढत असतानाही माणसाला झोपेतच ठेवू शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशी गोळी घेणे धोक्याचे आहे. आपण दम्यासाठी थिओफिलिनची गोळी किंवा तोंडावाटे स्टेरॉइड घेत असाल, तर निद्रानाश त्या औषधांचाही असू शकतो. स्टेरॉइडच्या गोळ्या शक्यतो सकाळीच घ्याव्यात, आणि थिओफिलिनची वेळ व मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

प्रश्न : मी एकटी राहते. मागच्या वर्षी रात्री मोठा अटॅक आला होता, तेव्हापासून झोपायचीच भीती वाटते. पंप घेऊन थांबायचे की रुग्णालयात जायचे, हे रात्री कळत नाही.

आपली भीती मी समजू शकतो, आणि ती निव्वळ धीराच्या शब्दांनी जाणार नाही. तिच्यावर उपाय म्हणजे रात्रीचा निर्णय दिवसाच घेऊन ठेवणे. आपल्या डॉक्टरांकडून लेखी कृती आराखडा मागून घ्या : कोणती लक्षणे आल्यावर कोणता पंप किती वेळा घ्यायचा, पीक फ्लो आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेल्यास काय करायचे आणि ५० टक्क्यांखाली गेल्यास काय, हे त्यात आकड्यांसह लिहिलेले असावे. तो कागद, पंप, स्पेसर आणि फोन पलंगावरून हात पोहोचेल अशा एकाच जागी असू द्या. पंपात किती पफ उरले आहेत तेही अधूनमधून पाहावे. जवळच्या एका विश्वासू व्यक्तीला आपला आराखडा दाखवून रात्री-अपरात्री फोन करण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवावी. बहुतेक माणसे ती आनंदाने देतात.

जाग आल्यावर आडवे राहू नये. पाठ सरळ ठेवून किंवा टेबलावर हात टेकून, किंचित पुढे झुकून बसावे आणि कपडे सैल करावेत. आराखड्यात वेगळे लिहिले नसेल, तर आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाचा एक पफ स्पेसरमधून घेऊन चार-पाच श्वास घ्यावेत आणि अर्ध्या ते एक मिनिटाने पुढचा घ्यावा. अशा रीतीने दहा पफपर्यंत घेता येतात. त्याने आराम पडला नाही, आराम चार तासही टिकला नाही किंवा त्रास वाढतच गेला, तर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत पंप त्याच रीतीने घेत राहावे. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

काही खुणा दिसल्या, तर दहा पफ संपण्याचीही वाट पाहायची नाही. एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ किंवा नखे निळसर-राखाडी दिसतात, बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाते, ग्लानी किंवा गोंधळल्यासारखे वाटते, किंवा बोटावरचा ऑक्सिमीटर ९२ टक्क्यांपेक्षा कमी दाखवतो, अशा वेळी लगेच मदत मागवावी. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असूनही बोलवत नसेल, तर विश्वास बोलण्यावर ठेवावा, आकड्यावर नाही. छातीतला शिट्टीचा आवाज अचानक थांबला आणि तरीही धाप कायम आहे, तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नये. हवा इतकी कमी जात असते की आवाजही उमटत नाही.

अटॅक घरीच ओसरला, तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटावे, आणि तो कसा सुरू झाला, किती पफ लागले, किती वेळाने आराम पडला, हे लिहून न्यावे. रुग्णालयात दाखल होऊन घरी आला असाल, तर दोन ते सात दिवसांत पुन्हा तपासणी करून घ्यावी, कारण श्वासनलिकांची सूज बरे वाटू लागल्यानंतरही बरेच दिवस टिकते आणि त्या काळात दुसरा अटॅक येण्याची शक्यता अधिक असते. आपल्या मागच्या वर्षीच्या अटॅकनंतर रोजच्या पंपाची मात्रा पुन्हा तपासली गेली होती का, हे आपल्या पत्रात नाही. गेली नसेल, तर या आठवड्यातच वेळ घ्या.